कॅलिफोर्नियात पॅरालीगल व्हायचं असेल तर: कम्युनिटी कॉलेजपासून पहिल्या नोकरीपर्यंत

कॅलिफोर्नियात ‘पॅरालीगल’ (वकिलाचा प्रशिक्षित मदतनीस) हे नाव कुणालाही आपल्या नावापुढे लावता येत नाही. हे नाव कोण लावू शकतं ते राज्याच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम 6450 मध्ये लिहिलेलं आहे. त्यात न बसता नाव लावलं तर पहिल्याच वेळी 2,500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कॉलेज शोधताना नवखी माणसं फी बघतात, घरापासूनचं अंतर बघतात, मुलांच्या शाळेच्या वेळा बघतात, पण हे कलम उघडून बघत नाहीत. वर्षभराने कळतं की घेतलेलं सर्टिफिकेट ‘लीगल ऑफिस असिस्टंट’चं आहे, कायद्याच्या विषयांचे युनिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) कमी पडतात, आणि उरलेले पुन्हा घ्यावे लागणार. म्हणून सुरुवात या कलमापासूनच करा. राज्याचे कायदे ‘लेजइन्फो’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि 6450 ते 6456 ही कलमं अर्ध्या तासात वाचून होतात.

आधी काम काय ते. पॅरालीगल वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करतो: केसचे कागद तयार करणं, निकाल आणि कलमं शोधणं, साक्षीदारांशी बोलून टिपणं काढणं, कोर्टात कागद दाखल करणं, तारखा सांभाळणं. काम वकिलाच्या देखरेखीखाली होतं आणि त्याची जबाबदारी वकिलाची असते. पॅरालीगलला स्वतःचे अशील नसतात.

कलमानुसार आज तीन वाटा खुल्या आहेत.

1. अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे एबीएची, मान्यता असलेल्या पॅरालीगल कोर्सचं सर्टिफिकेट.

2. एबीएची मान्यता नसली तरी चालेल, पण कॉलेज रीतसर ॲक्रेडिटेड, म्हणजे मान्यताप्राप्त, हवं आणि त्या कोर्समध्ये कायद्याशी संबंधित विषयांचे किमान 24 सेमिस्टर युनिट पूर्ण केलेले हवेत.

3. कोणत्याही विषयातली बॅचलर पदवी, वकिलाच्या देखरेखीखाली किमान एक वर्षाचा कायदेविषयक कामाचा अनुभव, आणि ही व्यक्ती पॅरालीगलचं काम करायला सक्षम आहे असं त्या वकिलाचं लेखी निवेदन. तो वकील आधीची सलग तीन वर्षं तरी कॅलिफोर्निया बारचा, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या नियामक संस्थेचा, सक्रिय सभासद असायला हवा, किंवा तितका काळ राज्यातल्या फेडरल कोर्टात काम केलेला.

पुण्या-मुंबईची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. हाताशी असलेल्यांना तिसरी वाट सोपी वाटते. पण अनुभव नसलेल्या माणसाला ते पहिलं वर्ष कोण देणार? गाडी तिथेच अडते. कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, सर्टिफिकेट ते दार उघडतं, शिवाय त्या सर्टिफिकेटवर तुम्ही पहिल्या दिवसापासून कायदेशीररीत्या पॅरालीगल असता. आमचा कल म्हणून पहिल्या दोन वाटांकडे आहे.

भारतात एलएल.बी. करून सनद घेतलेल्यांनी मात्र घाईने या कोर्सला नाव घालू नये. परदेशात वकिलीची परवानगी असलेल्यांना कॅलिफोर्निया बारची परीक्षा अमेरिकन कायद्याची पदवी न घेता देता येते. परीक्षा अवघड आहे, पण ती वाट तुमची आहे. पॅरालीगलची नोकरी तोवरचा इथला अनुभव म्हणून घ्या.

शिकायची परवानगी आणि कामाची परवानगी

या दोन परवानग्या वेगवेगळ्या आहेत, आणि मराठी घरांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो.

एच-4 वर, म्हणजे एच-1बी कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, असलेल्या जोडीदाराला कॉलेजात शिकता येतं, अगदी पूर्णवेळसुद्धा. काम करायचं तर ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, लागतं. 2015 पासून ते एच-4 वरच्या ठराविक जोडीदारांना मिळतं, मुख्यतः ज्यांच्या एच-1बी जोडीदाराचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला आहे त्यांना. एल-2 वरच्या (कंपनीने बदलीवर आणलेल्या एल-1 कर्मचाऱ्याच्या) पती-पत्नीला स्टेटसबरोबरच काम करता येतं. एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर पूर्ण युनिटचा भार घ्यावा लागतो आणि कॉलेजबाहेरच्या कामासाठी सीपीटी किंवा ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी जोडलेल्या कामाची परवानगी, लागतं. एफ-1 विद्यार्थ्याच्या एफ-2 जोडीदाराला असा कोर्स पूर्णवेळ घेता येत नाही.

कोर्सचा शेवट बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपने होतो. ‘पगार नाही, मग ईएडी कशाला?’ असं समजून लॉ फर्ममध्ये बसू नका. धंदा करणाऱ्या फर्मसाठी बिनपगारी काम हेसुद्धा काम ठरू शकतं, आणि त्याचा डाग पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात दिसतो. ईएडी नसेल तर प्रवेश घेण्याआधी प्रोग्रॅमच्या समन्वयकाला विचारा: इंटर्नशिपऐवजी दुसरा विषय घेता येतो का? काही कॉलेजांत येतो. स्वतःच्या स्टेटसबद्दल शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाचा एक सल्ला विकत घ्या. मित्रमंडळींच्या अनुभवावर विसंबू नका.

फीचं गणित

राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे 46 डॉलर आहे. 24 युनिटचे 1,104 डॉलर, 30 युनिटचे 1,380, आणि 60 युनिटची असोसिएट पदवी केली तर 2,760. पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ शुल्क वेगळं. रहिवासी नसाल तर त्याच एका युनिटला 300 डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, म्हणजे सगळं गणितच बदलतं.

रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याच्या दिवसाआधी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसावा लागतो: राज्याचा आयकर, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार, बँकेचं खातं. एच-1बी आणि एच-4 वाल्यांना हे सिद्ध करता येतं. एफ-1, जे-1 किंवा पर्यटक व्हिसावर सहसा नाही. प्रवेश कचेरीतला कर्मचारी कधीकधी ‘व्हिसा’ हा शब्द ऐकूनच तुम्हाला बाहेरचा विद्यार्थी ठरवून टाकतो. तसं झालं तर वाद न घालता रेसिडेन्सीचा निर्णय लेखी मागा आणि पुनर्विचाराचा फॉर्म भरा. घरभाड्याच्या करारावर फक्त नवऱ्याचं किंवा फक्त बायकोचं नाव असणं ही नेहमीची अडचण. राज्यात आल्या आल्या करारावर आणि वीजबिलावर दोघांची नावं घाला.

कॉलेज निवडताना

एबीए आपल्या मान्यताप्राप्त कोर्सेसची यादी जाहीर ठेवते, आणि अर्ज करण्याच्या आठवड्यात ती स्वतः बघा. सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली, ऑरेंज काउंटीतलं फुलर्टन अशा कम्युनिटी कॉलेजांनी ही मान्यता घेतलेली आहे. पण मान्यता ठराविक मुदतीची असते, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. मोठ्या फर्म आणि कंपन्यांचे कायदा विभाग जाहिरातीत ‘एबीए-मान्य सर्टिफिकेट’ असं स्पष्ट लिहितात. छोट्या फर्मना 24 युनिटवालं चालतं.

कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये त्या प्रोग्रॅमचं पान उघडा आणि विषयांचे युनिट स्वतः मोजा. कीबोर्डिंग, बिझनेस इंग्लिश, एक्सेल हे कायद्याचे विषय नाहीत. ते 24 मध्ये धरू नका. लीगल रिसर्च अँड रायटिंगचे दोन स्वतंत्र विषय असतील तर कोर्स दमदार समजा. एकाच तीन युनिटच्या विषयात दोन्ही कोंबले असतील तर लिखाणाचा सराव कमी पडतो आणि मुलाखतीत लेखनाचा नमुना मागितला की हात रिकामे राहतात. शिकवणारे प्रॅक्टिस करणारे वकील आहेत का, वर्ग संध्याकाळी आहेत का, वेस्टलॉ किंवा लेक्सिस, म्हणजे निकाल आणि कायदे शोधायची ऑनलाइन साधनं, विद्यार्थ्यांना वापरायला मिळतं का, हेही विचारा.

बॅचलर पदवी आधीच असेल तर पुन्हा 60 युनिटची असोसिएट पदवी करायची गरज सहसा नसते. नुसतं सर्टिफिकेट पुरतं. त्यासाठी भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्यांच्या ‘नेसेस’ या संघटनेच्या सभासद संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागवा. नुसतं ‘ही पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची आहे’ एवढंच सांगणारं स्वस्त मूल्यांकन घेतलं, तर इंग्रजी किंवा इतर सर्वसाधारण विषयांची सूट मिळत नाही आणि दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो, तेव्हा ते काम सर्वांत आधी सुरू करा.

प्रवेशाच्या पायऱ्या

‘सीसीसीअप्लाय’ या राज्याच्या सामायिक पोर्टलवर खातं उघडा आणि कॉलेजचा अर्ज भरा; अर्ज फुकट आहे. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. विद्यार्थी क्रमांक आला की समुपदेशकाची वेळ घ्या आणि त्याच्याकडून ‘एज्युकेशन प्लॅन’ लिहून घ्या: कोणत्या सत्रात कोणता विषय, कोणत्याला कोणती पूर्वअट. पॅरालीगलचे काही विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. एक विषय चुकला तर पूर्ण वर्ष थांबावं लागतं, म्हणून हा कागद महत्त्वाचा.

फाफ्सा हा फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठराविक स्थलांतरितांसाठीच आहे. एच-4 वर असताना तो भरू नका.

पहिल्या सत्रात दोनच विषय घ्या: पॅरालीगलची तोंडओळख, ज्यात व्यवसायनीती असते, आणि लीगल रिसर्च. एका युनिटला सत्रभरात वर्ग आणि घरचा अभ्यास धरून किमान 48 तास लागतात. तीन युनिटचा विषय म्हणजे 144 तास. 16 आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 9. दोन विषयांचे 18 झाले. घर, मुलं आणि नोकरी सांभाळून चार विषय घेणाऱ्यांपैकी बरेच जण सत्राच्या मध्यात एखादा सोडतात, आणि मुदत उलटून सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) उमटतो.

नोकरी टिकते ती तारखांवर

कायद्याचं ज्ञान हळूहळू येतं. तारीख मोजणं मात्र पहिल्या दिवसापासून बिनचूक लागतं, कारण चुकलेली मुदत वकिलालाही सहजासहजी परत आणता येत नाही. सिव्हिल लिटिगेशनच्या, म्हणजे दिवाणी खटल्यांच्या, विषयात हे शिकवतात. एक उदाहरण पूर्ण बघू.

समोरच्या पक्षाने मंगळवार, 3 मार्च 2026 रोजी आपल्या अशिलाला इंटरॉगेटरीज, म्हणजे शपथेवर उत्तरं द्यायची लेखी प्रश्नावली, कॅलिफोर्नियातूनच टपालाने पाठवली. उत्तराची मुदत 30 दिवस. टपालाने पाठवल्यामुळे कोड ऑफ सिव्हिल प्रोसिजरच्या (राज्याच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम 1013 प्रमाणे त्यात 5 दिवस वाढतात. पाठवल्याचा दिवस धरायचा नाही. 4 मार्च हा पहिला दिवस. 31 मार्चला 28 दिवस होतात, आणि 35 वा दिवस येतो मंगळवार, 7 एप्रिल. हीच मुदत.

आता तीच प्रश्नावली ईमेलने, रीतसर इलेक्ट्रॉनिक सर्व्हिसने आली असती तर? तिथे 5 दिवस मिळत नाहीत, 2 ‘कोर्ट डे’, म्हणजे कोर्ट चालू असलेले दिवस, मिळतात. 30 वा दिवस गुरुवार, 2 एप्रिल. पुढचे दोन कोर्ट डे शुक्रवार 3 आणि सोमवार 6. मुदत 6 एप्रिल. आणि हातोहात दिली असती तर काहीच वाढत नाही, 2 एप्रिललाच उत्तर हवं. एकच कागद, तीन वेगळ्या तारखा. फरक फक्त तो कसा पोचला याचा. म्हणून कागद हातात आला की आधी मागचं ‘प्रूफ ऑफ सर्व्हिस’, म्हणजे कागद कधी आणि कसा पाठवला याचं निवेदन, वाचायचं. ते न वाचता नुसत्या वरच्या तारखेवरून मोजणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. उत्तर उशिरा गेलं तर प्रश्नांवरचे सगळे आक्षेप गमावले जातात, वकील-अशील गोपनीयतेचा आक्षेपसुद्धा. ते परत मिळवायचे तर कोर्टापुढे अर्ज करून माफी मागावी लागते.

अर्जाच्या सुनावणीच्या तारखा उलट मोजतात. साधारण अर्ज सुनावणीच्या 16 कोर्ट डे आधी दाखल करून समोरच्याला पाठवायचा, विरोध 9 कोर्ट डे आधी, प्रत्युत्तर 5 कोर्ट डे आधी. मागे मोजताना आधी 16 कोर्ट डे मोजा, मग टपालाचे किंवा इलेक्ट्रॉनिक सर्व्हिसचे जास्तीचे दिवस. क्रम उलटा केला तर उत्तर चुकू शकतं. कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी टेबलावर लावून ठेवा. राज्याच्या कोर्टाच्या सगळ्या सुट्ट्या फेडरल कोर्टाला नसतात. फेडरल कोर्टाचे नियमही वेगळे: टपालाला 5 नाही तर 3 दिवस, आणि इलेक्ट्रॉनिक सर्व्हिसला काहीच जास्तीचं नाही. वर्गात दोन्ही एकाच आठवड्यात शिकवले की गोंधळ होतो. दोन वेगळ्या रंगांच्या वह्या करा.

कॅलेंडरवर फक्त शेवटची तारीख लिहू नका. 7 एप्रिलची मुदत असेल तर 17 मार्चला ‘अशिलाकडून माहिती मागितली का?’, 27 मार्चला ‘मसुदा वकिलाकडे’, 2 एप्रिलला ‘अशिलाची सही’ असे टप्पे टाका. उत्तरांवर अशिलाची शपथेवरची सही लागते, आणि अशील नेमका त्याच आठवड्यात भारतात गेलेला असतो.

पानाची मांडणी

राज्याच्या सुपीरियर कोर्टात दाखल करायचा मसुदा 28 ओळींचे आकडे डाव्या समासात छापलेल्या ‘प्लीडिंग पेपर’वर लागतो. अक्षर 12 पॉइंटपेक्षा लहान नको. पहिल्या पानावर ओळ 1 पासून वकिलाचं नाव, बार क्रमांक, पत्ता, फोन, ईमेल आणि तो कोणाचा वकील ते. उजव्या अर्ध्या भागात ओळ 1 ते 7 कोरी सोडायची, तिथे क्लार्क शिक्का मारतो. कोर्टाचं नाव ओळ 8 वर, पक्षकारांची नावं ओळ 11 पासून. प्रत्येक पानाच्या तळाशी रेषेखाली कागदाचं शीर्षक.

वर्डमध्ये ओळींचे आकडे हेडरमध्ये असतात आणि मजकूर वेगळा. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली 24 पॉइंट’ ऐवजी ‘डबल’ ठेवलं की चौथ्या-पाचव्या ओळीपासून मजकूर आकड्यांच्या खाली-वर सरकतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच हे सतावतं. उपाय एवढाच, की टेम्प्लेटमध्ये जे अंतर आहे तेच मजकुराला द्यायचं आणि परिच्छेदाआधी-नंतरची जागा शून्य करायची. कायद्याच्या मुद्द्यांचं निवेदन, म्हणजे मेमोरँडम, साधारण अर्जात 15 पानांच्या आत लागतं. 10 च्या वर गेलं तर अनुक्रमणिका आणि आधारभूत निकालांची सूची जोडावी लागते. ही सूची हाताने टंकू नका. वर्डचं ‘टेबल ऑफ ऑथॉरिटीज’ वापरायला शिका. मुलाखतीत हे येतं का असं खरंच विचारतात.

भारतातून आलेल्यांना नडणाऱ्या सवयी

03/04 म्हणजे इथे 4 मार्च. हे माहीत असूनही घाईत हात जुन्याच वळणावर जातो. तेव्हा सुरुवातीला मसुद्यात आणि टिपणांत महिना अक्षरातच लिहा. लाख-कोटींचे स्वल्पविराम इथे चालत नाहीत: 1,50,000 नाही, 150,000. ‘जजमेंट’च्या स्पेलिंगमध्ये जी नंतर ई नाही. ‘काइंडली डू द नीडफुल’ आणि ‘प्रीपोन’ ही आपल्याकडची इंग्रजी इथल्या वकिलाच्या पत्रात शोभत नाही. वाक्यं लहान ठेवा. भारतीय कचेरीतलं ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ पूर्ण काढून टाका आणि पहिल्याच वाक्यात काय हवं आहे ते लिहा.

आणखी एक गोष्ट, पण ही तुमच्या फायद्याची: नावं. मराठी बाईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं असतं, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं, कधी आडनाव बदललेलं, कधी नाव आणि मधलं नाव मिळून ‘गिव्हन नेम’च्या एकाच रकान्यात. इमिग्रेशनच्या अर्जात ‘याआधी वापरलेली सगळी नावं’ असा रकाना असतो. अमेरिकन पॅरालीगल तो बऱ्याचदा रिकामा ठेवतो, आणि मग दोन कागदांवरच्या दोन नावांची माणसं एकच कशी, असा प्रश्न अधिकाऱ्याकडून येतो. नावांचा हा गुंता तुम्हाला न सांगता कळतो. ते पहिल्याच मुलाखतीत सांगा.

तसंच भाषांतर. इमिग्रेशन खात्याला दिलेल्या मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्याखाली भाषांतरकाराचं प्रमाणपत्र: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात. सारांश चालत नाही. शिक्का, सही, ‘खरी नक्कल’, ग्रामपंचायतीचा गोल ठसा, हे सगळं चौकटी कंसात भाषांतरात यायला हवं. स्वतःच्याच नातेवाइकाच्या केसमध्ये भाषांतर करणं टाळा.

ही रेष ओलांडू नका

कोर्स सुरू झाला की महिन्याभरात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणीतरी म्हणणारच: ‘तू लॉचं शिकतेयस ना, जरा आमचा आय-130 बघून दे’, म्हणजे नातेवाइकाच्या ग्रीन कार्डाचा अर्ज. किंवा घटस्फोटाचा फॉर्म, किंवा घरमालकाची नोटीस. माणसं आपली असतात, नाही म्हणवत नाही, आणि अपराध घडतो तो इथेच.

कलम 6450 सांगतं की पॅरालीगलने कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, कोर्टात अशिलाची बाजू मांडायची नाही, फी ठरवायची नाही, आणि देखरेख करणाऱ्या वकिलाव्यतिरिक्त कुणासाठी कायद्याचा कागद निवडायचा, समजावून सांगायचा किंवा तयार करायचा नाही. वकील सोडून इतर माणसाशी पॅरालीगल म्हणून कामाचा करारही करायचा नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका होत नाही. ‘कोणता फॉर्म भरू?’ याचं उत्तर देणं हाच सल्ला आहे. ‘फॉर्म कोणत्या संकेतस्थळावर मिळतो?’ ही माहिती आहे. कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरचा पत्ता देणं, काउंटी बारच्या वकील शोधून देणाऱ्या सेवेचा नंबर देणं, मराठी दाखल्याचं भाषांतर करून देणं यात काही गैर नाही. हे तीन पर्याय तोंडपाठ ठेवा, म्हणजे नाही म्हणताना समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवावं लागत नाही.

लोकांना थेट मदत करायचीच असेल तर त्यासाठी कायद्याने वेगळे दरवाजे ठेवले आहेत. ‘लीगल डॉक्युमेंट असिस्टंट’ काउंटीत नोंदणी करून आणि 25,000 डॉलरचा बाँड (हमी) भरून, लोकांनी स्वतः निवडलेले फॉर्म त्यांच्या सांगण्याप्रमाणे भरून देऊ शकतो. सल्ला तोही देत नाही. ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ला 100,000 डॉलरचा बाँड आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते, आणि सल्ल्याची मनाई त्यालाही आहे. सर्वांत चांगला दरवाजा मात्र वेगळाच: न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्थेत ‘ॲक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह’ होणं. वकील नसूनही तुम्ही इमिग्रेशन खात्यापुढे, आणि पूर्ण मान्यता मिळाली तर इमिग्रेशन कोर्टातही, लोकांची बाजू मांडू शकता. आपल्या समाजात काम करायची ओढ असलेल्यांनी पॅरालीगल सर्टिफिकेटनंतर हाच रस्ता धरावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिली नोकरी

जाहिरातीत फक्त ‘पॅरालीगल’ शोधू नका. लीगल असिस्टंट, लीगल सेक्रेटरी, फाइल क्लार्क, डॉकेटिंग क्लार्क, कॅलेंडर क्लार्क, रेकॉर्ड्स, इन्टेक स्पेशालिस्ट या पदांवरून माणसं वर जातात. काउंटी कोर्टाच्या क्लार्कच्या जागा सरकारी संकेतस्थळांवर येतात; पगार फर्मपेक्षा कमी असू शकतो, पण विमा आणि निवृत्तिवेतन भक्कम, आणि खिडकीपलीकडून कागद का परत जातात ते तिथे कळतं. बे एरियात कंपन्यांच्या कायदा विभागात करारांचं काम भरपूर असतं. भारतात खरेदी, लेखापाल किंवा आयटी प्रोजेक्टचा अनुभव असेल तर ‘कॉन्ट्रॅक्ट ॲडमिनिस्ट्रेटर’ हे पद जवळचं. आयटीवाल्यांनी ई-डिस्कव्हरी बघावी: खटल्यातले लाखो ईमेल गोळा करणं, गाळणं, क्रमांक देणं. रिलेटिव्हिटी हे त्यातलं नेहमीचं सॉफ्टवेअर.

मे 2023 मध्ये देशभरात पॅरालीगल आणि लीगल असिस्टंटचा मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) वर्षाला 60,970 डॉलर होता. बे एरियात आकडा वर असतो, घरभाडंही. पॅरालीगलला सहसा ओव्हरटाइम लागू होतो, आणि कॅलिफोर्नियात दिवसाला 8 तासांच्या वर गेलं की दीडपट. ‘पगारी कर्मचारी आहात, ओव्हरटाइम नाही’ असं सांगितलं तर पदाचं वर्गीकरण लेखी विचारा.

सोबत दोन छोट्या गोष्टी करून ठेवा. एक, नोटरी पब्लिक: 6 तासांचा कोर्स, परीक्षा, बोटांचे ठसे आणि 15,000 डॉलरचा बाँड. चार वर्षांची नेमणूक मिळते आणि छोट्या फर्मला असा माणूस हवाच असतो. दोन, लेखनाचा नमुना: वर्गातला 5 ते 7 पानांचा मेमो, नावं बदलून, प्राध्यापकांच्या खुणा सुधारून.

पॅरालीगलांच्या ‘नाला’ या राष्ट्रीय संघटनेची सर्टिफाइड पॅरालीगल परीक्षा कॅलिफोर्नियात सक्तीची नाही. तिचे दोन भाग आहेत: 120 वस्तुनिष्ठ प्रश्न आणि लेखनकौशल्य. पहिल्या नोकरीआधी तिच्यावर पैसे घालू नका. वर्षभर काम केल्यावर द्या, पगारवाढ मागताना उपयोगी पडते.

वर्गाबाहेरचा सराव स्वस्त आहे. प्रत्येक काउंटीत जनतेसाठी कायदा ग्रंथालय असतं, आणि बऱ्याच ठिकाणी वेस्टलॉ किंवा लेक्सिस तिथल्या संगणकावर फुकट वापरता येतं. फेडरल कोर्टाचे खरे कागद ‘पेसर’ या त्यांच्या संकेतस्थळावर पानाला 10 सेंटने मिळतात, एका कागदाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलरपर्यंत असेल तर माफ. महिन्याला एक खरी केस निवडा, डॉकेट, म्हणजे केसमधल्या नोंदींची यादी, सुरुवातीपासून वाचा, प्रत्येक मुदत स्वतः मोजा आणि मग पुढच्या नोंदीत वकिलांनी कोणत्या तारखेला दाखल केलं ते ताडून बघा.

नोकरी लागली की पहिल्याच दिवशी एक यादी सुरू करा: हाताळलेल्या प्रत्येक केसमधल्या पक्षकारांची नावं. फर्म बदलताना हितसंबंधांचा संघर्ष तपासायला ती मागतात, आणि आठवणीतून ती कधीच पूर्ण होत नाही. यादीत फक्त नावं ठेवा, केसमधली माहिती नको. आणि दर दोन वर्षांनी 4 तास व्यवसायनीतीचं व 4 तास सर्वसाधारण किंवा विशेष कायद्याचं शिक्षण पूर्ण करून त्याची प्रमाणपत्रं स्वतःजवळ ठेवा. ती नोंद राखणं हे काम कायद्याने तुमचंच आहे, फर्मचं नाही.